आठवणीतली हजेरी : मार्च २०२० मधल्या एका बाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई पुण्यातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतात. वय तेव्हा एक्कावन्न. नववी ‘ब’च्या वर्गशिक्षिका. पटावर ४६ मुलं. निम्मी काशेवाडी-लोहियानगर भागातली, बाकीची आसपासच्या पेठांमधली. यजमान एका सहकारी बँकेत, मुलगा कॉलेजात. आई सातारा जिल्ह्यातल्या गावी, एकटी, वय शहात्तर.

मी त्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. हे प्रकरण बाईंच्या परवानगीने, त्यांच्या रोजनिशीवरून आणि त्या काळात आमचं फोनवर जे बोलणं व्हायचं त्यावरून लिहितो आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. आणि आधीच सांगून टाकतो, यातल्या एका चुकलेल्या सल्ल्याचा धनी मीच आहे.

बाई लिहितातही. पहाटे पाच ते साडेसहा, कुकर लावायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पंधरा दिवसांनी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांचं ललित सदर यायचं, वर्षाला एखाद-दुसऱ्या दिवाळी अंकात कथा. त्यांच्या लिखाणात माणसं बारकाईने दिसतात, असं वाचक कळवायचे. बाईंनाही ते मनोमन पटलेलं होतं. हे मी मुद्दाम नोंदवतो, पुढे त्याचाच प्रश्न झाला.

९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले. दुबईहून परतलेलं जोडपं. शिक्षक खोलीत त्यावर चर्चा झाली ती एवढीच, की दुसऱ्या दिवशी मुलांना रंग खेळू द्यायचा का. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. शुक्रवार १३ मार्च हा शाळेचा शेवटचा नेहमीसारखा दिवस ठरला. त्यानंतर वर्ग बंद, पण दहावीची परीक्षा सुरूच होती, म्हणजे शिक्षकांना पर्यवेक्षणाला जावंच लागत होतं. बाई तोंडाला ओढणी बांधून जायच्या. औषधाच्या दुकानांत तेव्हा मास्क मिळेनासे झाले होते.

अडचण

अडचण एकच असती तर प्रकरण लिहायची वेळ आली नसती. आठवडाभरात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या.

पहिली, उत्तरपत्रिका. दहावीचा मराठीचा पेपर ३ मार्चला झाला होता आणि बाई परीक्षक होत्या. उत्तरपत्रिका शाळेत बसूनच तपासायच्या हा नियम, पण शाळाच बंद झाल्यावर बोर्डाने त्या घरी नेऊन तपासायची मुभा दिली. बाईंच्या घरी दोन गठ्ठे आले. गोदरेजच्या कपाटात, शालूंच्या खणात, कुलूपबंद. गोपनीय काम, ते गठ्ठे घेऊन परगावी जाता येणार नाही हे उघड होतं.

दुसरी, आई. शनिवारी २१ तारखेला भाच्याचा फोन आला. “मावशी, मी उद्याची भानगड नको म्हणून आजच गावाकडे निघतोय. गाडीत एक जागा आहे. येतेस का?” दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू होता.

तिसरी अडचण तेव्हा अडचण वाटलीच नव्हती. बाईंनी १६ मार्चलाच ‘नववी ब’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि त्यावर मुलं बोलत होती. म्हणजे वर्ग चालू आहे, असं सगळ्यांनीच धरून चाललं. मीही.

आधी एक छोटा निर्णय

सदराचा लेख बाईंनी १० मार्चलाच पाठवून दिला होता. विषय लक्ष्मी रोडवरची पाडव्याची खरेदी : गर्दीत खांद्याला खांदा लागतो, साखरेच्या गाठी पिशवीत चुरतात, कुणीतरी कुणाचं तरी मूल कडेवर घेऊन वाट काढून देतं. बावीस तारखेच्या पुरवणीत तो यायचा होता. एकोणीसला बाईंनी संपादकांना फोन करून लेख मागे घेतला. ते म्हणाले, राहू द्या की, लोकांना बरं वाटेल. बाई म्हणाल्या, आज गर्दीचं कौतुक छापलं तर मला उद्या वर्गात तोंड दाखवता येणार नाही. बदली लेख देते म्हणाल्या, पण दोन दिवस बसून एक ओळ सुचली नाही. पुढे घरपोच वर्तमानपत्रं थांबली, पुरवणी बंद पडली, सदरही संपलं. त्याचं मानधन फार नव्हतं, पण पहाटेच्या दीड तासाला तेवढंच एक कारण होतं.

शनिवारचे पर्याय

भाचा तासाभरात निघणार होता. बाईंपुढे तीन वाटा होत्या.

गठ्ठे कपाटात ठेवून, किल्ली यजमानांकडे देऊन गावी जायचं. पण काही झालं तर सही बाईंची.

गठ्ठे शाळेत परत नेऊन ठेवायचे आणि मग निघायचं. शिपाईकाकांकडे किल्ली होती, पण ते कात्रजला राहायचे. त्यांना बोलावून, नोंद करून हे सगळं तासाभरात उरकणं कठीण होतं.

किंवा आईलाच इकडे आणायचं. भाच्याने तिला इकडे आणून सोडायची तयारी दाखवली नसती असं नाही, पण यजमान रोज काउंटरला बसणार होते. बँका बंद होणार नव्हत्या. शहात्तर वर्षांच्या बाईला त्या घरात आणणं म्हणजे तिला धोक्यात आणून ठेवणंच.

बाईंनी मला फोन केला. मी म्हणालो, “आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. गठ्ठे संपवा, मॉडरेटरकडे द्या आणि मग निवांत जा.” (मॉडरेटर म्हणजे परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पडताळणारा.) हा सल्ला मी कशाच्या आधारावर दिला? कशाच्याच नाही. दोन दिवसांआड नवा आदेश निघत होता हे दिसत असूनही माझ्या डोक्यात दंगलीच्या वेळचा बंद होता, जो आठवड्यात निवळतो. बाईंनी भाच्याबरोबर फक्त आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोन किलो शेंगदाणे पाठवले.

रविवारी पाच वाजता थाळ्या वाजल्या. सोमवारी राज्यभर संचारबंदी आली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्याच दिवशी व्हायचा होता तो दहावीचा भूगोलाचा पेपर आधीच पुढे ढकलला होता. तो पुढे कायमचा रद्दच झाला. मंगळवारी रात्री एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि बुधवारी पाडवा. बाईंनी गुढी उभारली, कडुनिंब सोसायटीच्याच झाडाचा, गाठी नाहीतच.

ग्रुपचे दिवस

बाईंनी रोजचा दिवस बांधून घेतला. सकाळी वीस उत्तरपत्रिका. दुपारी स्वयंपाक-भांडी; कामाच्या मावशींना पगारी सुट्टी दिली होती. संध्याकाळी ग्रुपवर ‘आजचं पान’ : बाईंनी स्वतः लिहिलेला तीन-चारशे शब्दांचा मजकूर आणि शेवटी एक प्रश्न. खिडकीतून दिसणारी रिकामी रिक्षा, भाजीवाल्याने दोरीने वर चढवलेली टोपली, असं काहीबाही. सदर बंद पडलं होतं, त्याची जागा या पानाने घेतली. मुलांची उत्तरं यायची. “छान बाई.” “बाई आमच्याकडे पण टोपली.” हात जोडलेली चित्रं.

उत्तरपत्रिकांबद्दल रोजनिशीत एक नोंद आहे, ती इथे देतो. कृतिपत्रिकेतलं उपयोजित लेखन चोवीस गुणांचं, त्यात मुलं आजूबाजूचं सगळं ओततात. बाईंनी लिहिलंय : “दोन्ही गठ्ठे संपले. ‘कोरोना’ हा शब्द एकाही उत्तरपत्रिकेत नाही. या मुलांनी हे लिहिलं तेव्हा मार्चची तीन तारीख होती.”

मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला. त्यावरून शिक्षकांच्या ग्रुपवर रण माजलं होतं. नववी ‘ब’चा ग्रुप मात्र शांत, आज्ञाधारक.

हजेरी

६ एप्रिलला पेठांचा मोठा भाग पूर्ण सील होणार अशी बातमी आली. बाईंच्या मनात आलं, आपली किती मुलं त्यात येतात ते बघू. हजेरीपट शाळेच्या कपाटात. ग्रुप उघडून सदस्य मोजले : बाई धरून वीस. म्हणजे मुलं एकोणीस.

तीन आठवडे बाई ४६ मुलांना शिकवत असल्याच्या समजुतीत होत्या.

मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं मोलाचं वाटतं. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी वर्गातले बाक काढले. खिडकीकडची रांग, मधली, दाराकडची. डोळे मिटून पहिल्या बाकापासून चालत गेल्या आणि नावं भरत गेल्या. मागच्या बाकावरची दंगेखोर चौकडी पटकन आली. निबंधात अलंकारांचा सडा घालणारी आली. पंखा आपल्या डोक्यावर यावा म्हणून बाक सरकवणारा आला. त्रेचाळीस नावं भरली आणि तीन चौकोन रिकामे राहिले. अर्धा तास कागद पुढ्यात घेऊन बसल्या, तरी ते तिघं आठवेनात. चेहरे नाहीत, नावं नाहीत. मुलगे का मुली, तेही सांगता येईना.

रात्री साडेदहाला फोन आला. “सर, मी जूनपासून त्या तिघांची रोज हजेरी घेतलीय.”

मी काय बोलणार? माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे किती रिकामे चौकोन असतील हे मोजायची माझी हिंमत नाही.

पुढचे पर्याय आणि काय केलं

शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांचं म्हणणं सरळ होतं. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्यात, नववीच्याही होतील, आता सुट्टीच समजा. (तसंच झालं. १२ एप्रिलला नववी-अकरावीची परीक्षा रद्द झाली.) दुसरा पर्याय सोपा आणि वरून आलेला होता : ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू आहे’ या अभ्यासमालेच्या दीक्षा ॲपच्या लिंक रोज ग्रुपवर पुढे पाठवायच्या. सामग्री चांगली होती, पण ती त्याच एकोणीस मुलांपर्यंत पोहोचणार.

बाईंनी तिसरी वाट धरली. नंबर शोधायचे आणि एकेकाला फोन करायचा. शाळेच्या क्लार्कने ‘सरल’ या शासनाच्या विद्यार्थी-नोंदींच्या संगणक प्रणालीत भरलेल्या माहितीची यादी पाठवली. त्यात ती तीन नावंही मिळाली. दोन मुली, एक मुलगा. मधल्या रांगेत, चौथ्या-पाचव्या बाकावर बसणारी. हुशार नाहीत, वांड नाहीत, उशिरा येत नाहीत.

निम्मे नंबर लागेनात. रिचार्ज संपलेला, नंबर बदललेला, कुणी तिसराच उचलायचा. रोज दहा फोन, असं करत महिनाअखेरीला चित्र तयार झालं. ग्रुपवरची १९. अकरा जणांच्या घरी एकच साधा किंवा सामाईक फोन, तो वडिलांच्या खिशात. नऊ कुटुंबं पुणं सोडून गेलेली. त्यातलं एक बावीस तारखेच्या संध्याकाळीच टेम्पोतून परभणीकडे. चार जणांचा पत्ता शेजाऱ्यांकडून लागला. तिघांचा काहीच नाही. हे तिघं आणि ते रिकाम्या चौकोनांतले तिघं एक नव्हेत. गोष्टीत ते एकच निघाले असते.

फोनवर अभ्यासाचं कुणी विचारलं नाही. एका आईने विचारलं, “बाई, शाळेत तांदूळ वाटतायत म्हणे, आमच्या पोरीला मिळंल का?” शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीतलं पोर त्यात बसत नाही. भूक मात्र आठवी पास झाल्यावर थांबत नसते. बाईंनी शिक्षकांकडून वर्गणी काढली आणि सील भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमार्फत चौदा घरी शिधा पोहोचवला. वर्गणी देताना दोन-तीन जणांनी मुलांसोबत फोटो काढून मागितला. तो बाईंनी दिला नाही.

रिकाम्या चौकोनातल्या एका मुलीचा फोन लागला तेव्हा तीच उचलून बोलली. बाईंनी विचारलं, पान वाचतेस का? ती म्हणाली, “बाई, आमच्या मोबाईलमध्ये नेट नाही. पण फोन येतो. तुम्ही वाचून दाखवाल का?”

इतकं साधं होतं ते. येणाऱ्या फोनला पैसे लागत नाहीत. साध्या फोनवरूनही एका वेळी पाच जणांना जोडून घेता येतं, हे बाईंना मुलाने शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात ते साडेआठ, वडील घरी आल्यावर, पाच-पाचचे तीन गट. बाई पान वाचायच्या, मुलं ऐकायची, मग एकेकाने दोन वाक्यं बोलायची. बोललं नाही तर बाई नाव घेऊन विचारायच्या. मागून टीव्ही, भांडणं, एकदा तर कोंबडा. ग्रुपवर ‘छान बाई’ लिहून सुटता यायचं, इथे गप्प राहिलं तर लगेच कळायचं.

पानंही बदलली. कानाने ऐकायचं म्हटल्यावर लांब वाक्यं गळाली. खिडकीतली रिक्षा गेली आणि मुलांनी सांगितलेलं येऊ लागलं : नळाला पाणी कधी येतं, सार्वजनिक संडासाच्या रांगेत अंतर कसं ठेवतात, आजीला ताप आला तेव्हा आईने तो शेजाऱ्यांपासून कसा लपवला. बाईंनी यातलं काहीही छापलेलं नाही. एका संपादकांनी ‘टाळेबंदीची डायरी’ म्हणून दिवाळी अंकासाठी मागितलं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. मला वाटतं तिथे त्या जरा ताठर झाल्या. नावं वगळून देता आलं असतं. त्यांचं म्हणणं, मुलं मला बाई म्हणून सांगत होती, लेखिका म्हणून नाही.

काय झालं

गठ्ठे शाळेचं पत्र आणि ओळखपत्र दाखवून मे महिन्यात मॉडरेटरकडे पोहोचले. म्हणजे ज्यांच्यासाठी बाई थांबल्या, ते तपासून झाल्यावर महिनाभर कपाटातच होते. दहावीचा निकाल २९ जुलैला लागला, राज्याचा ९५.३० टक्के.

नववी ‘ब’ची सगळी मुलं कागदावर दहावीत गेली. परीक्षा न होता वरच्या वर्गात जाणं तेव्हा योग्यच होतं, पण त्याचा एक परिणाम असा की कोण सुटलं हे निकालपत्रकावर उमटलं नाही. बाईंच्या कागदावर ते होतं. नव्या वर्षात ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा त्या कागदावरून ४६ पैकी ४१ जणांशी संपर्क राहिला. गावी गेलेल्या नऊपैकी सात जणांनी तिथल्या शाळेत नाव घातलं किंवा पुण्यात परत आले. दोघांचं शिक्षण सुटलं. पत्ता न लागलेल्या तिघांचा शेवटपर्यंत लागला नाही.

आईकडे जायला ऑगस्ट उजाडला. २० तारखेला आंतरजिल्हा एसटी ई-पासशिवाय सुरू झाली आणि बाई गणपतीच्या आदल्या दिवशी निघाल्या. एका बाकावर एक प्रवासी. पाच महिने त्या रोज रात्री नऊला आईला फोन करत होत्या आणि तिलाही पान वाचून दाखवत होत्या. सुरुवातीला एकदा त्यांनी भाच्याच्या मोबाईलवर पान पाठवलं होतं, तर आई म्हणाली, “ते नको. तू वाच गं, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.” बाईंना ते माया वाटली.

घरी गेल्या तेव्हा आईच्या चष्म्याची एक काडी नव्हती. तिथे काळा दोरा बांधून तो कानात अडकवलेला, आणि डाव्या भिंगाला आडवा तडा. एप्रिलमध्येच पडला होता. तालुक्याचं दुकान बंद, आणि लेकीला सांगून तिच्या जिवाला घोर कशाला, म्हणून आई गप्प बसली.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रुप काढला त्याच दिवशी पटसंख्या आणि सदस्यसंख्या शेजारी-शेजारी लिहायला हवी होती. पाच मिनिटांचं काम, त्याला तीन आठवडे लागले. आता बाई कुठलाही ग्रुप काढताना वहीत आधी पूर्ण यादी लिहितात आणि जो नाही त्याच्या नावापुढे ‘का’ असा रकाना ठेवतात. वर्गशिक्षकाने हजेरीपटाची आणि पालकांच्या नंबरांची एक प्रत घरी ठेवावी, हे आमच्या शाळेत त्यानंतर सुरू झालं. दर तिमाहीला नंबर तपासायचे असंही ठरलं होतं. ते होत नाही.

फोनवर “कशी आहेस?” विचारलं की “बरी आहे” हेच उत्तर येतं. मुलांकडून आलं, आईकडूनही. मुलांच्या बाबतीत बाई लवकर शिकल्या, त्या “आज काय जेवलास? कुणी केलं?” असं विचारायला लागल्या. आईला मात्र पाच महिने “कशी आहेस?”च विचारत राहिल्या.

शनिवारच्या निर्णयावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, शिपाईकाकांना रिक्षाने बोलावून गठ्ठे शाळेत ठेवायला हवे होते आणि बाईंनी भाच्याच्या गाडीत बसायला हवं होतं. गठ्ठे थांबले असते, बोर्डालाही शेवटी थांबावंच लागलं. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. गावात रेंज गच्चीत एका कोपऱ्यात येते. तिथून पंधरा मुलांना रोज दीड तास फोन झाला नसता, आणि कागदावरचे ते तीन चौकोन कदाचित दिसलेच नसते. मी म्हणतो, हे तुम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं, तुम्ही गठ्ठ्यांसाठी थांबलात. त्या म्हणतात, हो, गठ्ठ्यांसाठीच थांबले.

चष्मा त्यांनी पुण्याला आणून दुरुस्त केला. आई तो वापरत नाही. नव्या काड्या टोचतात म्हणते.